श्वसन-हवेचे नियोजन, अग्निशमनातील

अग्निशामकाने पाठीवरील सिलिंडरमधील हवा आत जाणे, काम करणे व सुखरूप परतणे यांसाठी हिशोबाने वाटून वापरण्याच्या पद्धतीस श्वसन-हवेचे नियोजन म्हणतात. या सिलिंडरमध्ये सामान्य समजुतीप्रमाणे शुद्ध ऑक्सिजन नसून गाळून, कोरडी करून दाबाखाली भरलेली साधी हवा असते. मुखवट्यातील दाब बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक राखलेला असल्याने फटीतून धूर सहसा आत शिरत नाही.

धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग वा वास नसतो. रक्तातील हीमोग्लोबिनाकडे त्याची ओढ ऑक्सिजनाच्या दोनशेहून अधिक पट असते. वर्धा जिल्ह्यातील रोहणा (ता. आर्वी) हे गाव ज्या कापूस पिकविणाऱ्या प्रदेशात आहे, तेथे या वायूचा धोका विशेष ध्यानात घ्यावा लागतो. कापसाच्या गंजीत वा गाठीत आग ज्वालेविना दीर्घकाळ धुमसते आणि अपुऱ्या ऑक्सिजनामुळे हा वायू विपुल निर्माण होतो. म्हणून ज्वाला विझल्यावरही बंद गोदामात मुखवटा काढू नये.

सिलिंडरची धारकता व दाब यांच्या गुणाकाराने साठ्याचा अंदाज येतो. उदा., ६ लि. धारकतेच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबास सु. १,८०० लि. हवा मावते. मिनिटास ४० लि. वापर धरल्यास ती ४५ मिनिटे पुरावी. परंतु जड कामात, उष्णतेत वा भीतीने वापर दुप्पटही होतो. साधारणतः ५०–६० बार दाबास इशाऱ्याची शिटी वाजते. ती परत फिरण्याची खूण नव्हे. तोवर बाहेर पोहोचलेले असावे. प्रवेशकाळी २८० बार दाब असल्यास ६० बार राखीव ठेवून उरलेल्या २२० बारपैकी निम्मा, म्हणजे ११० बार, जाण्यास व कामास वापरावा आणि दाबमापक १७० बार दाखविताच परतावे. जोडीतील ज्याची हवा कमी असेल, त्याच्या दाबमापकावरून दोघांनीही परतावयाचे असते.

लंडनमधील स्मिथफील्ड बाजाराच्या आगीत जानेवारी १९५८ मध्ये तळघरात शिरलेले दोन अग्निशामक मृत्युमुखी पडले. त्यानंतर ब्रिटनमध्ये प्रवेशनियंत्रणाची पद्धत दृढ झाली. प्रवेशद्वाराशी नेमलेला कर्मचारी प्रत्येकाचे नाव, दाब व प्रवेशाची वेळ फलकावर नोंदवितो आणि परतण्याची अपेक्षित वेळ काढतो. ती टळल्यास मदतपथक आत धाडले जाते.

मुंबईत अंधेरी येथील लोटस बिझनेस पार्क या उंच इमारतीच्या आगीत १८ जुलै २०१४ रोजी अनेक जवान वर अडकले व एकाचा मृत्यू झाला. अशा इमारतींत चढण्यातच पुष्कळ हवा खर्च होते. त्यामुळे शक्यतो मुखवटा धूरमुक्त मजल्यापर्यंत न लावता तेथून पुढे लावतात आणि हिशोबात परतीचा जिनाही धरतात.