मामलेदाराच्या डोक्यावरची टोपी

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यानं विचारलं, "सर, नि:शस्त्र लोक जुलमी सत्ता उलथवतात हे पुस्तकात ठीक. आपल्याकडं कुठं घडलं?" फार लांब जायला नको. तासगावला चला.

तेव्हा तासगाव, वाळवा हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. आजचा सांगली जिल्हा नंतर झाला. ऑगस्ट 1942 मध्ये नेते तुरुंगात गेले आणि गावोगावचे लोक तालुका कचेऱ्यांवर चालून निघाले. 24 ऑगस्टला कराड, 3 सप्टेंबरला तासगाव. तासगावच्या कचेरीवर तिरंगा चढला, मामलेदाराला गांधी टोपी घालावी लागली. गोळी सुटली नाही. इंग्रजांचं राज्य काही त्या दिवशी गेलं नाही; पण त्या कचेरीपुरतं, त्या दुपारपुरतं ते गेलं होतं.

आता बघा, इमारत तीच, शिक्का तोच, मामलेदारही तोच. बदललं एवढंच, की समोरच्यांनी त्याला साहेब मानायचं थांबवलं. एक माणूस लाखोंवर राज्य करतो तरी कसा, असं सोळाव्या शतकात ला बोएती या फ्रेंच तरुणानं विचारलं होतं. त्याचं म्हणणं, लोक ऐकतात म्हणून.

इथंच थांबलो तर मात्र मी तुम्हाला फसवेन. सहाच दिवसांनी, 9 सप्टेंबरला, वडूजला तसाच मोर्चा निघाला. पुढं परशुराम घार्गे, हातात तिरंगा. गोळीबार झाला आणि घार्ग्यांसह नऊ जण गेले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला पंड्या आणि बारपटे. लोक तासगावसारखेच होते. मग फरक कुठं? बंदुकीमागच्या माणसात. 1986 मध्ये मनिलाच्या रस्त्यावर रणगाडे थांबले, सैनिकांनी गर्दीवर गोळी घातली नाही, म्हणून मार्कोसला देश सोडावा लागला. वडूजला हुकूम पाळला गेला. मोर्च्याचं यश नुसतं मोर्चेकऱ्यांच्या हातात नसतं, हे आम्ही वर्गात शिकवताना बऱ्याचदा गाळतो.

वडूजनंतर पुष्कळांची मोर्च्यावरची श्रद्धा उडाली. त्यातून प्रतिसरकार उभं राहिलं. त्याला मी अहिंसक म्हणणार नाही. गुंडांना, खबऱ्यांना जबर मार बसला. 1943 मध्ये शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी लुटली गेली. पण त्याच काळात लोक सरकारी कोर्टाची पायरी न चढता न्यायदान मंडळांपुढं वाद मिटवू लागले. पोलीस गावात आले, तर कुणाला काही ठाऊक नसायचं. यात भीतीचा वाटा किती आणि आपुलकीचा किती, यावर वाद घालता येईल. नाना पाटील 1946 पर्यंत पोलिसांच्या हाती लागले नाहीत.