उपकथेतील चिरंजीव : चांगदेव

संतचरित्रांत चांगदेव हे गौण पात्र होय; मुख्य कथा ज्ञानेश्वरादी भावंडांची. तथापि वाघावर आरूढ झालेला, हाती सर्पाचा चाबूक घेतलेला हा योगी लोकमनात स्वतंत्रपणे वावरतो. योगबळाने काळाला वारंवार चुकवून तो चौदाशे वर्षे जगला, असे परंपरा सांगते. महिपतींच्या ‘भक्तविजया’तही (१७६२) ही आख्यायिका येते.

या उपकथेचे मर्म सिद्धीत नसून रितेपणात आहे. वयाने लहान, ज्ञानाने थोर अशा ज्ञानेश्वरांना मायना कोणता लिहावा हे न उमजल्याने चांगदेवांनी कोरा कागद धाडला. इतकी वर्षे जगूनही हा कोराच, असा मुक्ताबाईचा अभिप्राय. उत्तरादाखल ६५ ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’ सिद्ध झाली.

धाराशिव जिल्ह्यातील तेरची कथा हाच आशय निराळ्या रूपात मांडते. तेथेही परीक्षेची प्रेरणा मुक्ताबाईचीच. गोरोबाकाका थापटण्याने संतांची मस्तके तपासतात आणि विठ्ठलाशी सलगी असलेले नामदेव कच्चे ठरतात. तेरच्या कथेत सलगी, चांगदेवांच्या कथेत दीर्घायुष्य; दोहोंपैकी एकही पक्वतेचे प्रमाण ठरत नाही.

पुढे नामदेव विसोबा खेचरांकडे जातात, तर चांगदेव कोवळ्या वयाच्या मुक्ताबाईचे शिष्यत्व पत्करतात. मृत्यूला चुकविणारा हा योगी अखेर गोदातीरी पुणतांब्यास समाधिस्थ होतो. चिरंजीवाची कथा अशा रीतीने चिरंजीवित्वाच्या त्यागानेच पूर्ण होते, आणि म्हणूनच ते पात्र गौण राहूनही लोकांना आपले वाटते.