सात इंचांत मावेना पुस्तक

आमच्या आदिलाबादेत दिवाळीच्या सुमारास कापसाच्या गाड्यांची रांग लागते. यार्डातून कापूस जिनिंगला येतो, सरकी वेगळी होते आणि रुईची 170 किलोची गाठ बांधली जाते. अशाच एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी इलेक्ट्रिकलचं काम बघतो.

मागच्या हंगामात रात्री दीडला फोन आला. प्रेस चालवणारे काका म्हणाले, "भाऊ, स्क्रीनवर चौदा नंबर येऊन राह्यला, प्रेस हालत नाही."

चौदा म्हणजे काय, हे यंत्रासोबत आलेल्या पीडीएफमध्ये होतं. दोनशेवर पानं, सगळी इंग्रजीत, आणि ऑफिसला कुलूप. मी पोहोचेपर्यंत एका हेल्पर पोराने मेन चालू असतानाच दारात हात घातला होता. काकांनी त्याला कॉलर धरून मागे ओढलं. बिघाड एवढाच, की दाराच्या लिमिट स्विचवर रुई साचली होती. ती निघाली असती आणि प्रेस तिथेच सुरू झाली असती तर? मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, ही पीडीएफ यंत्राच्या टचस्क्रीनवरच दाखवायची. फोनवर उघडते, मग इथे का नाही?

नाहीच उघडत. सीमेन्सच्या कम्फर्टसारख्या महागड्या पॅनेलवर पीडीएफ बघायची सोय असते. आमचं पॅनेल साधं, मेमरी 10 एमबी. त्याला पीएलसीकडून आकडे घेऊन दाखवणं जमतं, पण पीडीएफमधले फाँट आणि आकृत्या उलगडणं नाही. आणि उघडली असती तरी? पीडीएफ 1993 साली आली ती कागदावरचं पान जसंच्या तसं दिसावं म्हणून. आमचा पडदा सात इंची, आडवा, 800 बाय 480 पिक्सेलचा. उभं ए-फोर पान त्यात बसवलं तर साध्या अक्षराच्या वाट्याला जेमतेम 6 पिक्सेल उंची येते. त्यात वेलांटी कुठे आणि उकार कुठे!

मग पानांची चित्रं करायची ठरली. सगळी मावणार नव्हती, म्हणून नेहमीचे 9 बिघाड निवडले. प्रत्येकासाठी एक चित्र, बरोबर पडद्याच्या मापाचं. पीएलसीच्या ज्या रजिस्टरमध्ये बिघाडाचा नंबर येतो, त्यालाच चित्रांची यादी जोडली. चौदा आला की चौदाचं चित्र आपोआप समोर. पान शोधायचं कामच नाही.

मजकूर मराठीत हवा होता. तो थेट पॅनेलवर टाईप केला, तर जोडाक्षरं फुटली आणि 'स्थिती'ची वेलांटी भलतीकडेच गेली. चित्रात हा प्रश्नच येत नाही. जसं काढलं तसंच दिसतं.

खरी परीक्षा पुढे होती. मी मोठ्या ऐटीत 'द्रवदाब अपुरा' लिहिलं. काका चष्मा सारून म्हणाले, "हे कोनती भाषा व्हय?" मी म्हटलं, प्रेशर कमी. "मंग तसंच लिव ना!" 'आणीबाणी थांबा' गेलं आणि 'लाल बटण' आलं. लिमिट स्विच नेमका कुठे आहे, हे त्यांनी बिडीच्या पाकिटावर काढून दाखवलं. पीडीएफमधल्या आकृतीपेक्षा ते स्पष्ट होतं, म्हणून त्याचाच फोटो घेतला. प्रत्येक चित्रावर पहिली ओळ लाल: आधी मेन बंद, मग हात.

दुसऱ्या पाळीचे ऑपरेटर तेलुगू. त्यांच्यासाठी वेगळे 9 झाले. आदिलाबादेत एका भाषेवर कुणाचं भागलंय?

मूळ पीडीएफचं प्रिंट काढून पॅनेलच्या दारात ठेवलंय, कारण न निवडलेला बिघाड कधी ना कधी येणारच. आणि चित्राच्या कोपऱ्यात तारीख टाकलीय. कुणी प्रोग्रॅम बदलला आणि नंबर सरकले, तर जुनं चित्र चुकीचा सल्ला देईल.

यंदा चौदा नंबर दोनदा आला. मला कळलं ते सकाळी, काकांच्या वहीतून.