पोफळीची वीज आणि 'उपलब्ध' सोयी

जेथे वीज, पाणी व रस्ते आधीच उपलब्ध आहेत तेथेच शासनाने उद्योग न्यावेत, हा विचार वरकरणी काटकसरीचा होय. परंतु 'उपलब्ध' हे विशेषण कोणास व कोणाच्या निर्णयाने, हे सांगत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील पोफळीच्या भूमिगत वीजगृहात १९६२ साली कोयनेची वीज निर्माण होऊ लागली. ती प्रामुख्याने मुंबईकडे गेली. जिल्ह्याच्या वाट्यास आले ते वाशिष्ठीत सोडलेले अवजल, आणि तेही बहुतांशी समुद्रास मिळते! मुंबईची 'उपलब्धता' अंशतः अशा शासकीय खर्चानेच घडली आहे. अर्थशास्त्रज्ञ हर्शमन यांच्या १९५८ च्या ग्रंथानुसार सोयी उद्योगांच्या मागूनही येऊ शकतात. खेड तालुक्यातील लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत कोकण रेल्वेपूर्वीच उभी राहिली. तो लोहमार्ग १९९८ मध्ये पूर्ण झाला.