शालेय बसची परतबोलावणी : कायदा, दुरुस्ती आणि रायगडचा किनारा

मोटारवाहन रस्त्यावर आल्यानंतर त्याच्या रचनेत अथवा घडणीत धोकादायक दोष आढळून आल्यास, उत्पादकाने त्या प्रकारची वाहने परत बोलावून तो दोष स्वखर्चाने दूर करावयाचा, या पद्धतीस व्यवहारात ‘रिकॉल’ म्हणतात. मराठीत तिला ‘परतबोलावणी’ असे म्हणण्यास हरकत नाही. खाजगी मोटारीच्या बाबतीत सूचना मिळणारा, गाडी चालविणारा आणि धोका पत्करणारा हे तिघे बहुधा एकच असतात. शालेय बसचे तसे नाही. तेथे गाडी ठेकेदाराची, करार शाळेचा, पैसा पालकांचा आणि जीव मुलांचा असतो. दोषाची सूचना ज्याच्या नावाने निघते तो त्या बसमध्ये बसत नाही आणि जो बसतो त्याला सूचना मिळत नाही. शालेय बसच्या परतबोलावणीचे वेगळेपण या विभागणीत आहे.

योग्यता-तपासणी आणि परतबोलावणी

या दोन गोष्टींची गल्लत वारंवार होते. मोटारवाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ अन्वये प्रत्येक परिवहन वाहनास योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी त्याचे नूतनीकरण करावयाचे असते. ब्रेक, दिवे, टायर, सुकाणू इत्यादींची त्या दिवशीची अवस्था या तपासणीत पाहिली जाते. म्हणजे हा विचार एका विशिष्ट गाडीच्या झिजेचा व निगेचा असतो.

परतबोलावणीचा विचार याहून निराळा आहे. एखाद्या धातूच्या ओतकामात किंवा एखाद्या भागाच्या आखणीत चूक राहून गेली, तर ती त्या काळात तयार झालेल्या सर्व वाहनांत समान रीतीने वसत असते. निरीक्षकाच्या डोळ्यांस ती दिसेलच असे नाही. म्हणून योग्यता प्रमाणपत्र असलेल्या गाडीतही मूळ दोष असू शकतो. उलटपक्षी, ब्रेकचे अस्तर झिजले म्हणून कोणी उत्पादकाकडे बोट दाखवू शकत नाही.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. मारुती सुझुकी कंपनीने २४ जुलै २०२३ रोजी एस-प्रेसो व ईको या दोन प्रकारची ८७,५९९ वाहने परत बोलाविली. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात तयार झालेल्या या वाहनांतील सुकाणूच्या टाय-रॉडच्या एका भागात दोष असण्याचा संभव होता. क्वचित प्रसंगी तो भाग तुटून गाडी वळविण्यावर परिणाम होईल, असे कंपनीने कळविले आणि तो विनामूल्य बदलून देण्याचे जाहीर केले. ईको ही गाडी लहान गावांतून मुलांची ने-आण करण्यासाठीही वापरली जाते, हे लक्षात घेतले म्हणजे हा प्रश्न केवळ मोठ्या पिवळ्या बसपुरता मर्यादित नाही हे उघड होते.

कायद्याची वाटचाल

अमेरिकेत १९६६ च्या वाहनसुरक्षा अधिनियमाने या पद्धतीचा पाया घातला. भारतात २०१२ साली वाहन-उत्पादकांच्या संघटनेने स्वेच्छेने पाळावयाची संहिता स्वीकारली. तिला कायद्याचे बळ नव्हते. ते बळ २०१९ च्या दुरुस्तीने मोटारवाहन अधिनियमात घातलेल्या कलम ११०-अ ने दिले, आणि त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले.

या कलमातील योजना थोडक्यात अशी आहे. दोषामुळे चालक, प्रवासी, रस्त्यावरील इतर माणसे अथवा पर्यावरण यांस अपाय होण्याचा संभव असेल, आणि ठराविक प्रमाणात मालकांनी, चाचणी-संस्थेने किंवा अन्य मार्गाने तो दोष केंद्र सरकारच्या नजरेस आणला असेल, तर सरकार परतबोलावणीचा आदेश देऊ शकते. दोष एखाद्या सुट्या भागात असेल, तर तो भाग बसविलेली सर्व वाहने, मग ती कोणत्याही प्रकारची असोत, आदेशाच्या कक्षेत येतात. उत्पादकाने मूल्य परत करावे, वाहन बदलून द्यावे किंवा दुरुस्त करावे, आणि दंडही भरावा. मात्र त्याने स्वतः होऊन दोष कळविला व परतबोलावणी सुरू केली, तर दंड माफ आहे. दोष लपविण्यापेक्षा सांगणे फायद्याचे ठरावे, हा या सवलतीमागील हेतू होय.

तथापि या साधनाला मर्यादा आहे. १४ मे १९८८ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात, कॅरोल्टन गावाजवळ, पूर्वी शालेय बस असलेल्या व नंतर एका चर्चच्या उपयोगात आलेल्या गाडीस मद्यधुंद चालकाच्या ट्रकने धडक दिली. इंधनटाकी फुटून आग लागली आणि २७ जण मृत्युमुखी पडले. शालेय बसच्या इंधनटाकीस संरक्षण देणारे नवे मानक १ एप्रिल १९७७ पासून लागू झाले होते, आणि त्या बसची चासी त्यापूर्वी काही दिवसच तयार झाली होती. ती बस कायद्याच्या दृष्टीने सदोष नव्हती. नवे मानक पुढील गाड्यांना लागू होते आणि परतबोलावणी घोषित दोषापुरती चालते. या दोहोंच्या मधल्या जागेत जुनी वाहने वर्षानुवर्षे धावत राहतात.

दुरुस्तीची अखेरची पायरी

आदेश निघाला म्हणजे गाडी दुरुस्त झाली असे होत नाही. प्रत्येक गाडीच्या सतरा अक्षरांकी चासी-क्रमांकावरून ती दोषग्रस्त समूहात आहे की नाही हे ठरते. उत्पादक आपल्या नोंदीतील ग्राहकास कळवितो. परंतु जुनी गाडी एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे गेलेली असेल, तर पत्र पहिल्याच मालकाच्या पत्त्यावर जाऊन पडण्याचा धोका असतो. बसचा सांगाडा एकाने व चासी दुसऱ्याने बांधलेली असेल, तर आसन किंवा संकटकालीन दार यांतील दोषाबद्दल कोणाकडे जावयाचे, हेही मालकास चटकन उमगत नाही.

रायगडच्या किनारपट्टीवर यात अंतराची भर पडते. परिवहन कार्यालय पेणला आहे. मुरूडचा बसमालक किनाऱ्याच्या मार्गाने निघाला, तर रेवदंडा व अलिबाग मागे टाकून त्याला तेथे पोचावे लागते. कंपनीचे अधिकृत दुरुस्ती-केंद्रही गावात असेलच असे नाही. भाग विनामूल्य मिळतो, पण एक दिवस गाडी उभी राहिली तर मुलांना कोणी न्यावयाचे? या नुकसानीचा कलम ११०-अ मध्ये वेगळा उल्लेख नाही. ज्याच्याकडे एकच बस आहे असा ठेकेदार मग सुट्टीची वाट पाहतो. दिवा किंवा चिन्ह यासंबंधीच्या दोषात हे चालून जाईल. सुकाणू व ब्रेक यांच्या बाबतीत गणपतीच्या सुट्टीपर्यंत थांबणे म्हणजे दररोज दोन वेळा नशिबाची परीक्षा पाहणे होय. याउलट एस.टी. महामंडळाचे आगार एकाच ताफ्याच्या नोंदी ठेवते आणि एका गाडीऐवजी दुसरी सोडू शकते. मोठ्या संस्थेचा लाभ येथे दिसून येतो.

खाऱ्या हवेचा प्रश्न

किनाऱ्यावरील खारी व दमट हवा लोखंडास लवकर गंज आणते. ब्रेकच्या नळ्या, चासीचे सांधे, आसनांचे पाय यांवर तिचा परिणाम होतो. हा गंज मालकाच्या हयगयीचा, की उत्पादकाने पुरेसे संरक्षक लेपन न दिल्याचा? अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यांपुरत्या परतबोलावण्या झालेल्या आहेत. ताकाता कंपनीच्या हवापिशव्यांतील अमोनियम नायट्रेट उष्णता व दमटपणा यांमुळे बिघडत असल्याने, तेथे उष्ण-दमट प्रदेशांतील गाड्यांस अग्रक्रम देण्यात आला. अर्थात हवामान हाही दोषनिर्णयाचा एक घटक मानता येतो. त्यासाठी किनाऱ्यावरील गाड्यांच्या बिघाडांची पद्धतशीर नोंद मात्र हवी.

शाळेचे कर्तव्य

महाराष्ट्राच्या २०११ च्या शालेय बस नियमांनी प्रत्येक शाळेत परिवहन समिती सांगितली आहे. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि पालकांचा प्रतिनिधी तिच्यात असतो. नोंदणी, विमा, योग्यता प्रमाणपत्र ही कागदपत्रे पाहताना या समितीने आणखी तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक गाडीचा चासी-क्रमांक नोंदवून तो दर सत्रारंभी उत्पादकाच्या परतबोलावणीच्या यादीशी ताडून पाहावा. दुरुस्ती झाल्याचा लेखी दाखला मागावा. आणि गाडी केंद्रात असेल त्या दिवसासाठी पर्यायी वाहनाची तरतूद ठेक्याच्या करारातच करावी. चालकास किंवा मालकास नवा दोष जाणवल्यास केंद्र सरकारच्या वाहन-प्रणालीवर तक्रार नोंदविण्याची सोय आहे. एकाकी तक्रार क्षुल्लक वाटली, तरी अशा तक्रारींच्या संख्येवरच चौकशी अवलंबून असते.

जर्मनीत परतबोलावणीस प्रतिसाद न देणाऱ्या मालकाच्या वाहनाचा वापर अधिकारी थांबवू शकतात. शालेय बसपुरता तरी असा संबंध योग्यता प्रमाणपत्राशी जोडला गेला, तर सूचना आणि दुरुस्ती यांतील अंतर पुष्कळ कमी होईल. तोपर्यंत ते अंतर भरून काढण्याची जबाबदारी शाळेच्या समितीवर येते, कारण मुलांच्या वतीने विचारणारे दुसरे कोणी त्या व्यवहारात नाही.