व्हॅनला मोठे टायर टाकायच्या आधी ब्रेकचा हिशेब पाहून घ्या

16 जून ते 15 ऑगस्ट नदी-जलाशयात मासेमारी बंद, म्हणून गाड्यांची कामं याच दिवसांत निघतात. तलावाच्या पाळीपर्यंतचा रस्ता चिखलाचा, व्हॅनचं पोट घासतं. मग "मोठे टायर टाकून घेऊ" असं ठरतं. गाडी थोडी उचलली जाते, खरं आहे. पण ब्रेकचं काय होतं?

155/80 आर 13 टायरची उंची साधारण 578 मिलिमीटर. त्या जागी 165/80 आर 14 टाकला तर 620. चाक 7 टक्के मोठं. मीटर फक्त फेरे मोजतो, त्याला चाक बदललेलं कळत नाही. काट्यावर 60 दिसतं तेव्हा गाडी 64 ने पळत असते. आणि ब्रेक तर जुनेच. ते धरतात चाकाच्या मधात, चाक टेकतं आता आणखी लांब; म्हणून पायाचा दाब तेवढाच ठेवला तर रोख 7 टक्के कमी पडतो. दोन्ही मिळून, काट्यावर तोच 60 असताना जी गाडी 30 मीटरवर थांबायची तिला 37 मीटर लागतात. वाढलेल्या 7 मीटरमध्ये जवळपास दोन व्हॅन उभ्या राहतात!

बैहरच्या घाटात हे जास्त जाणवेल. चढताना गाडी ओढत नाही, क्लच जळतो. उतरताना गिअरमध्ये इंजिन जे धरून ठेवतं, तेही मोठ्या चाकामुळे ढिलं पडतं. सगळा भार ब्रेकवर, ते तापतात. वरून बरफ आणि मासोळीचे खोके, आणि उंच झालेली गाडी वळणावर जास्त कलते.

काही भाऊंना वाटतं, मोठे टायर म्हणजे जास्त माल. तसं नाही. वजन आरसीवर लिहिलंय तेवढंच. पाटे, अ‍ॅक्सल, ब्रेक त्याच हिशेबाने बनलेत. अपघात झाला तर विमा कंपनी या बदलावर बोट ठेवू शकते, ते वेगळं.

चिखलाचीच अडचण असेल तर कंपनीच्या मापाचाच, खोल नक्षीचा टायर घ्या. बाजूवरचा भाराचा आकडा जुन्यापेक्षा कमी नको. पाटे बसले असतील तर ते आधी करून घ्या, अर्धी उंची तिथेच गेलेली असते. नाहीतर व्हॅन पक्क्या रस्त्यावर उभी करून खोके हातगाडीने आणा.

ज्यांनी मोठे टायर आधीच टाकलेत, त्यांनी मोबाइलच्या जीपीएसवर खरा वेग एकदा मीटरशी जुळवून पाहा. आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून, गाडी भरलेली असताना, टायर मडगार्डला घासतो का तेही बघा.