धांवपटूची सायकल

ठाणें, कल्याण व डोंबिवली या शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत पहांटे उठून लांब पल्ला धांवण्याचा छंद अलीकडे चांगलाच रुजला आहे. ठाणें महानगरपालिकेच्या वर्षा मॅरेथॉनमध्यें 21 किलोमीटर धांवणारी मंडळी कांहीं केवळ विशींतली नसते. तींत बँकेंतील अधिकारी, शिक्षक, वकील आणि दोन दोन मुलांच्या आयाही असतात. चाळिशी उलटली कीं यांपैकीं पुष्कळांचा गुडघा किंवा टांच बोलूं लागते, डॉक्टर धांवणें कमी करावयास सांगतात, आणि मग घरांत सायकल येते. येथपर्यंत सर्व ठीक असतें. निराशेला प्रारंभ होतो तो यानंतर.

जो गृहस्थ 21 किलोमीटर दोन तासांत न थांबतां धांवतो, त्यास सायकल म्हणजे पोरखेळ वाटतो. परंतु येऊरच्या चढावर पहिल्याच दिवशीं त्याच्या मांड्या अशा भरून येतात कीं खालीं उतरून सायकल हातीं धरावी लागते. आणि नवल हें कीं, त्याला दम मात्र फारसा लागलेला नसतो! एवढ्या वर्षांची तपश्चर्या गेली कोठें, असें त्यास वाटतें. कित्येकांची सायकल पहिल्या महिन्याअखेर सज्जांत जाते ती तेथेंच गंजते. तसें होऊं नये म्हणून या कोड्याचा उलगडा करणें आम्हांस अवश्य वाटतें.

धांवण्यानें शरीराची कमाई दोन प्रकारची होते. एक हृदयाची. तें प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त ढकलूं लागतें, व हा लाभ कोणत्याही व्यायामांत उपयोगी पडतो. दुसरी कमाई स्नायूंची. त्यांतील केशवाहिन्या वाढतात, ऊर्जा निर्माण करणारे पेशींतील सूक्ष्म घटक वाढतात. परंतु ही पुंजी ज्या स्नायूनें काम केलें त्याच्याच खात्यावर जमा होते. धांवतांना पोटरी व मांडीचा मागील भाग पुष्कळ राबतात, आणि पाऊल जमिनीवर पडतांच ताणलेले कंडरे स्प्रिंगप्रमाणें उसळून कांहीं शक्ति परत देतात. सायकलवर ही परतफेड नाहीं. तेथें मांडीचा पुढील भाग व नितंब यांनींच प्रत्येक फेरा स्वतःच्या बळावर मारावयाचा असतो. म्हणजे हृदय श्रीमंत आणि मांड्या दरिद्री, अशी नव्या सायकलस्वाराची अवस्था असते. त्याच्या मनगटावरील घड्याळांत नाडीचे ठोकेही धांवण्यापेक्षां कमीच दिसतात. तो आंकडा ओढूनताणून जुन्या पातळीवर नेण्याच्या नादीं लागूं नये.

खरा धोका पुढेंच आहे. हृदय थकत नाहीं म्हणून हा मनुष्य जड गिअर टाकून दामटीत सुटतो, आणि सारा भार गुडघ्याच्या वाटीवर येतो. ज्या गुडघ्यास वांचविण्यासाठीं सायकल घेतली तोच पुन्हां दुखावला, तर घरच्या वडील माणसांनीं काय म्हणावें! यावर उपाय धांवपटूच्याच पायांत आहे. मिनिटास 170 पावलें टाकणाऱ्याचा प्रत्येक पाय 85 वेळां पडतो. पायडलचे फेरेही मिनिटास 80 ते 90 असावेत. जुनीच लय ठेवावी, आणि ती टिकेल इतका हलका गिअर घ्यावा.

एकत्र कुटुंबांत एक निराळीच अडचण असते. सायकल एक, आणि तीवर बसणारे तिघे: थोरले बंधु, पुतण्या आणि वहिनी. बैठक मात्र जो शेवटीं बसला त्याच्या उंचीची. बैठकीवर बसून टांच पायडलवर ठेवली असतां, पायडल अगदीं खालीं आल्यावर, पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवला कीं गुडघ्यास किंचित् बांक राहतो. बैठकीच्या दांड्यावर प्रत्येकानें आपल्या रंगाची चिकटपट्टी लावून खूण करावी. हा अर्ध्या मिनिटाचा उद्योग आळसानें टाळला जातो, आणि दोष सायकलीस मिळतो.

पहिले सहा आठवडे सपाटीवरच काढावे. आठवड्यांतून तीन दिवस पाऊण तास आणि रविवारीं दीड तास एवढें पुरे. रविवारचा वेळ हळूहळू वाढवावा. हिशेब अंतराचा न ठेवतां वेळेचा ठेवावा, कारण 10 किलोमीटर धांवण्याचे श्रम सपाटीवरील 30 ते 40 किलोमीटर सायकलीच्या आसपास जातात. पुढें काटईवरून बदलापूर व बारवी धरणाकडे, मलंगगडाच्या पायथ्याकडे किंवा मुरबाडच्या रस्त्यानें जावें, येऊर त्यानंतर. घोडबंदर रस्ता आणि शीळ-कल्याण रस्ता यांवर अवजड वाहनांची गर्दी असते. उजाडतांच घरीं परतणें शक्य नसेल तर ते टाळावेत, असें आमचें स्पष्ट मत आहे. पावसाळ्यांत पाण्यानें भरलेला खड्डा किती खोल हें कळत नाहीं. धांवणारा त्यास ओलांडून जातो, सायकलस्वार त्यांत पडतो. शिरस्त्राणावांचून दाराबाहेर पडूंच नये.

तासाभराहून अधिक वेळ जावयाचें तर खाणें बरोबर हवें. धांवतांना पोट ढवळतें, तसें येथें सहसा होत नाहीं. केळें, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू खिशांत ठेवावा, आणि बाटलींत मीठ-साखर घातलेलें लिंबाचें पाणी.

पायांच्या दुखण्यानें धांवणें सोडून सायकलवर नांव मिळविणारा म्हणजे कॅनडाचा मायकेल वुड्स. 2005 सालीं त्यानें एक मैल चार मिनिटांच्या आंत धांवून पुरा केला होता. पुढें पायाचें हाड पुनःपुन्हां चिरल्यामुळें तो सायकलकडे वळला. 2018 सालीं जागतिक स्पर्धेंत तिसरा आला आणि 2023 सालीं फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतींत प्वी द डोमच्या चढावरील टप्पा त्यानें जिंकला. आपल्याकडे नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोहणें, सायकल व धांवणें या त्रिविध स्पर्धांतून आलेले. 2017 सालीं त्यांनीं अमेरिका आडवी ओलांडण्याची शर्यत एकट्यानें बारा दिवसांच्या आंत पुरी केली. सामान्य गृहस्थास इतकी उडी नको. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करावयाचे, अशा 'ब्रेव्हे' नांवाच्या फेऱ्या आपल्या देशांतही होतात. त्यांत पहिला-दुसरा क्रमांक नसतो, म्हणून मॅरेथॉन धांवलेल्यास वर्षभराच्या तयारीनंतर हें ध्येय आम्ही सुचवितों.

एक गोष्ट मात्र सायकलचे भक्त सहसा सांगत नाहींत. सायकलवर हाडांना धक्का बसत नाहीं हा गुण खरा, पण हाडें बळकट राहतात तीं भारामुळें व धक्क्यामुळेंच. केवळ सायकलच चालविणाऱ्यांच्या कण्याचीं हाडें विरळ झालेलीं आढळतात. तेव्हां डॉक्टरांची संमति असल्यास आठवड्यांतून दोन वेळां अर्धा तास धांवणें चालूं ठेवावें. तेंही बंद असेल त्यानें वजनें उचलावींत व जिने चढावेत. पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांनीं तर यांत खंड पडूं देऊं नये, कारण मासिक पाळी थांबल्यानंतर त्यांचीं हाडें अधिकच वेगानें झिजतात.